मिटलेली मूठ आणि महामारी : पिंपरीच्या पेनिसिलीनपासून कोविडच्या संशोधनापर्यंत

कोविडच्या काळात जगभर एक वाक्य फिरत होते : विज्ञान आता सर्वांसाठी खुले झाले. शोधनिबंधांवरची कुलुपे निघाली, विषाणूची माहिती देशोदेशी पोचली आणि काही महिन्यांत लसी तयार झाल्या. हे खरे आहे. पण आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुलूप निघाले ते कोणासाठी, किती दिवसांसाठी, आणि किल्ली शेवटी कोणाच्या खिशात राहिली? ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकण्याचीही बंदी होती, त्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. पिंपरी-चिंचवड, देहू आणि चाकणच्या या पट्ट्यातच त्याचा मोठा इतिहास पडून आहे.

सुरुवात १८९७ पासून करू. पुण्यात प्लेग आला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. शिपाई घराघरांत शिरले, माणसे उचलून छावण्यांत टाकली गेली. रोग काय आहे, औषध काय आहे हे लोकांना समजावून सांगण्याची गरज सरकारला वाटली नाही. मुंबईत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे विज्ञान होते, पण ते आणि वस्ती यांच्यामध्ये बंदूक उभी होती. ही दरी आपल्या अंगावर घेऊन पार केली ती सावित्रीमाईंनी. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. १८४८ मध्ये ज्ञानाचे दार उघडणारी बाई उपचाराचे दार उघडे ठेवताना गेली. आणि तो कायदा? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो तोच, १८९७ चा.

आता १० मार्चचीच दुसरी तारीख पाहा, १९५४ ची. त्या दिवशी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधनिर्मितीतली भारताची पहिली सरकारी कंपनी स्थापन झाली. कारखाना पिंपरीत उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आज आपण ज्याला औद्योगिक नगरी म्हणतो, तिच्या पायाभरणीत हा कारखाना आहे. गाड्यांचे कारखाने नंतर आले.

पेनिसिलीनची गोष्टही उघड्या आणि बंद ज्ञानाचीच आहे. फ्लेमिंग यांना ते १९२८ मध्ये दिसले. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने त्याचे औषध केले, त्यावर पेटंट घेतले नाही आणि आपले निष्कर्ष छापून मोकळे केले. पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाच्या पद्धतींवर पेटंट निघाली. बुरशी सर्वांची, पण ती हौदात वाढवण्याची युक्ती कंपनीची! अशा जगात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने हे औषध सरकारी पैशाने, सरकारी कारखान्यात बनवायचे ठरवले, ही लहान गोष्ट नव्हती.

पिंपरीत फक्त बाटल्या भरल्या गेल्या नाहीत, संशोधनही झाले. १९५८ पासून 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे शास्त्रीय नियतकालिक इथून निघू लागले. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन इथेच शोधले आणि १९६१ मध्ये त्याची माहिती याच बुलेटिनमध्ये छापली. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना', आपल्या पिंपरीच्या नावावरून ठेवलेले. जगाच्या विज्ञानात पिंपरीचे नाव असे कोरलेले आहे आणि पिंपरीच्या शाळेत ते कुणी शिकवत नाही.

त्याच १९५४ सालात, २५ डिसेंबरला, पिंपरीपासून काही किलोमीटरवर देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून ते नुकतेच परतले होते. एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात या दोन घटना घडल्या. आम्ही त्यांच्यात दैवी योगायोग शोधत नाही. पण त्यांना जोडणारा एक विचार मात्र आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, त्यांनी धम्म शिकवताना आचार्याची मूठ कधी मिटून ठेवली नाही, शिष्यांपासून काही राखून ठेवले नाही. वर्णव्यवस्थेचा सारा डोलाराच मिटलेल्या मुठीवर उभा होता. एकलव्याचा अंगठा त्याच मुठीने मागितला. देहूत तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याचे परंपरा सांगते, तीही तीच मूठ. म्हणून खुल्या ज्ञानाचा आग्रह ही आमच्यासाठी परदेशातून आलेली फॅशन नाही. तो आमचा अडीच हजार वर्षांचा वारसा आहे.

मग पिंपरीच्या कारखान्याचे काय झाले? उदारीकरणाच्या काळात तो आजारी ठरला. स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलीनचे उत्पादन बसले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की कंपनीची जादा जमीन विकून देणी फेडायची आणि पुढे कंपनीही विकायची. तीनेक वर्षांनी महामारी आली, चीनचा पुरवठा अडखळला आणि सरकारला जाग आली. मार्च २०२० मध्ये औषधांचा कच्चा माल देशात बनवण्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. तिच्या यादीत पेनिसिलीन-जी होते! जे पिंपरीत १९५५ मध्ये होत होते, त्यासाठी २०२० मध्ये खासगी कंपन्यांना अनुदान द्यायची वेळ आली. सार्वजनिक ज्ञान एकदा मोडीत काढले की ते परत मिळवायला दुप्पट किंमत मोजावी लागते, याचा यापेक्षा जवळचा पुरावा आम्हाला माहीत नाही.

आता कोविडच्या खुलेपणाकडे येऊ. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायचे शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने विषाणूचा जनुकीय आराखडा सर्वांसाठी खुला केला. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा 'सुधारणे'साठी बंद करायला लावली गेली. पण मूठ उघडली होती. त्या आराखड्यावरून जगभर चाचण्या आणि लसी तयार करण्याचे काम सुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्चमध्ये विषाणू वेगळा केला आणि त्याची माहिती आयसीएमआरच्या खुल्या नियतकालिकात छापली. एरवी एका लेखाला हजारो रुपये मागणाऱ्या प्रकाशकांनी कोविडवरचे निबंध मोफत केले. समीक्षणाआधीच निबंध मांडायची जागा असलेले 'मेडआर्काइव्ह' २०१९ मध्ये सुरू झाले होते, ते आता रोजच्या वाचनात आले.

काही जण म्हणतील, या खुलेपणामुळेच कच्चे, खोटे संशोधन पसरले. आक्षेप रास्त आहे, पण उदाहरण तपासून पाहा. कोविडकाळातला सर्वात गाजलेला घोटाळा खुल्या मंचावर झाला नाही. तो 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा निबंध २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घ्यावा लागला, कारण सर्जिस्फिअर ही कंपनी आपली मूळ आकडेवारी तपासायला द्यायला तयार नव्हती. म्हणजे दोष उघडेपणाचा नव्हता, झाकलेल्या आकडेवारीचा होता. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे कालाम सुत्त आपल्याला केव्हाच शिकवून गेले आहे.

आपल्या देशातही तेच दिसले. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू दिला तो पुण्याच्या सरकारी संस्थेने, म्हणजे जनतेच्या पैशाने. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे आकडे समोर नव्हते. सविस्तर निबंध छापून आला तो नोव्हेंबरमध्ये. लस चांगली निघाली. पण आधी टोचा आणि मग वाचा, हा क्रम विज्ञानाचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत माणसे मरत असताना, देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना आयसीएमआरकडची चाचण्यांची आकडेवारी संशोधकांना खुली करा, अशी पंतप्रधानांकडे विनंती करावी लागली.

आणि आपल्या माणसांची आकडेवारी? चाकण, भोसरी, तळवड्याचे कंत्राटी कामगार टाळेबंदीत गावाकडे निघाले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती आपल्याकडे नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची माहितीही केंद्रीय पातळीवर ठेवलेली नाही. कचरा उचलणारे, प्रेत बांधणारे हात कोणत्या जातीचे होते हे सगळ्यांना माहीत होते, फक्त कागदावर नव्हते. जे मोजलेच नाही त्यावर संशोधन कसे होणार? ज्ञान लपवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे ते तयारच होऊ न देणे.

महामारी ओसरण्याआधीच मुठी पुन्हा मिटू लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे प्रकाशक साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याआधी नोव्हेंबरमध्ये 'नेचर'ने खुल्या प्रकाशनाचा दर जाहीर केला होता : एका निबंधाला साडेनऊ हजार युरो. म्हणजे वाचणाऱ्याचे दार उघडले आणि लिहिणाऱ्याचे बंद केले. आपल्या विद्यापीठातल्या, फेलोशिपची वाट पाहणाऱ्या पहिल्या पिढीच्या संशोधकाने हे पैसे आणायचे कुठून?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना याचा फायदा होईल, हे आम्ही मान्य करतो. पण हे भाडे आहे, मालकी नाही. पैसे थांबले की दार बंद. आणि चाकणच्या कंपनीत पाळी संपवून रात्री अभ्यास करणारा डिप्लोमावाला, किंवा संस्थेबाहेर राहून काम करणारा कार्यकर्ता या दाराबाहेरच आहे. जनतेच्या पैशाने झालेले संशोधन जनतेला विकत का घ्यावे लागते, या मूळ प्रश्नाला ही योजना हात लावत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, आरक्षणाच्या जागेइतकाच हा हक्काचा मुद्दा आहे. सरकारी पैशाने झालेला प्रत्येक निबंध आणि त्यामागची आकडेवारी खुली असली पाहिजे. साथीतल्या मृत्यूंची नोंद जात आणि कामानुसार झाली पाहिजे. प्रत्येक शोधाचा सारांश मराठीत आला पाहिजे. आणि हे होईपर्यंत आपल्यातल्या शिकलेल्यांनी निबंध वाचून, त्यांचे सोपे मराठी करून विहारातल्या वाचनालयात ठेवले पाहिजेत. देहूरोड, पिंपरी, भोसरीतल्या विहारांत हे काम पुढच्या रविवारपासून सुरू होऊ शकते. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जय भीम!