मुंबईच्या सागवानाचे एक जहाज

लाकडी जहाजाचे आयुष्य सामान्यतः माणसाच्या आयुष्याहून फार मोठे नसते. समुद्रातील किडा त्याचा तळ पोखरतो, पावसाचे पाणी त्याचे डेक कुजविते आणि उरलेले काम भंगारवाला पुरे करतो. या नियमाला अपवाद ठरलेले एक जहाज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या गोदीत आजही तरंगत आहे. ‘त्रिंकोमाली’ हे त्याचे नाव. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी अद्याप पाण्यावर असलेली ही सर्वांत जुनी नौका. परंतु तिचा जन्म मुंबईचा आणि तिचे लाकूड मलबारच्या रानातले.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला जहाजांसाठी लागणारे ओकचे लाकूड अपुरे पडू लागले. तेव्हा नौदलाची दृष्टी सागवानाकडे आणि मुंबईच्या वाडियांकडे वळली. या जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून हिंदुस्थानात पाठविले गेले. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशेही गेले. ते पुन्हा धाडावे लागले. अखेर १८१६ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून कामाचा मुहूर्त केला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. खर्च आला सुमारे २३,००० पौंड.

तोपर्यंत युद्ध संपले होते. १८१९ मध्ये जहाज पोर्ट्समथला पोचले आणि पाव शतकाहून अधिक काळ काहीही काम न करता उभे राहिले. ओकचे जहाज अशा स्थितीत झपाट्याने खंगले असते; कारण ओकमध्ये जे आम्लद्रव्य असते ते लोखंडी खिळ्यांना खाते आणि गंजलेला खिळा भोवतालच्या लाकडाला नासवितो. सागाच्या अंगी मात्र तेल असते. ते खिळ्याचे रक्षण करते आणि लाकडाचेही. म्हणूनच १८४५ साली डागडुजी करून हे जहाज पुन्हा सेवेत घेता आले. पुढे १८५७ पर्यंत त्याने वेस्ट इंडीजपासून पॅसिफिकपर्यंतचे समुद्र पाहिले, आणि १८६० नंतर ते राखीव नौसैनिकांच्या कवायतीचे जहाज झाले.

१८९७ साली ते भंगारात विकले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाचे ‘फुद्रॉयां’ हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते. एके काळी त्यावर नेल्सनचे निशाण फडकले होते. त्याच्या जागी कॉबने हे मुंबईचे जहाज विकत घेतले आणि त्याला बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. जहाज वाचले, नाव मात्र गेले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे त्यावर तरुणांना समुद्राचे शिक्षण मिळत राहिले.

या काळात पोर्ट्समथला त्याच्या सोबतीला ‘इम्प्लॅकेबल’ हे दुसरे जुने जहाज होते. ते मूळचे फ्रेंच, १८०५ साली ब्रिटिशांनी जिंकलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा खर्च सरकारला झेपेना. २ डिसेंबर १९४९ रोजी स्फोटके लावून ते समुद्रात बुडविण्यात आले. नाळेवरील मूर्ती आणि मागील बाजूचे नक्षीकाम एवढेच ग्रीनिचच्या संग्रहालयासाठी उरले. वेळीच न केलेली लहान दुरुस्ती पुढे किती महाग पडते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड.

‘त्रिंकोमाली’चे नशीब निराळे. १९८७ मध्ये एका तराफ्यावर चढवून ते हार्टलपूलला नेण्यात आले. १९९० ते २००१ अशी सुमारे अकरा वर्षे दुरुस्ती चालली आणि एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. १९९२ साली त्याला मूळ नाव परत मिळाले.

अशा कामात घाईला स्थान नसते. जुन्या जहाजाची दोन्ही टोके स्वतःच्या भाराने खाली झुकतात, मध्यभाग पाण्याने वर उचलला जातो आणि कणा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून आधी त्याला चहूकडून टेकू द्यावे लागतात. एकदम फार फळ्या काढल्या तर मूळचा आकारच हरवतो. काढलेल्या फळीबरहुकूम नवी फळी कापावयाची, वाफेने मऊ करून वाकवावयाची, बसवावयाची आणि सांध्यांत तंतू ठासून वर डांबर ओतावयाचे. हे सारे झाल्यावरही या जहाजाचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच राहिले.

उरलेले लाकूड नवे असताना जहाज जुनेच कसे म्हणावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. पण चालत्या जहाजाची कुजलेली फळी बदलणे हा त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. वाडियांच्या काळीही ती बदलली जातच होती. फळी बदलते, घडण टिकते. आणि ती टिकविण्याचे काम २००१ साली संपलेले नाही. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाला अधिक घातक असते, आणि हार्टलपूलला पाऊस दरवर्षी येतो. डेकचे सांधे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. मुंबईच्या सुतारांनी घातलेला पाया मजबूत होता, एवढे दोनशे वर्षांनी सिद्ध झाले. पुढील शंभर वर्षांचा भार आता हार्टलपूलच्या सुतारांवर आहे.