आधी ताट पालथं करा

मांजरसुंब्याच्या घाटात उभे राहा, डोळे मिटा आणि हायवेवरचे ट्रक पुसून टाका. हॉटेलांच्या पाट्याही पुसा. उरली बालाघाटातली तापलेली खडी, सीताफळीच्या पानांचा उग्र वास आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं. काळ 1940च्या आसपासचा, दिवस ऑक्टोबरच्या उन्हाचे. मुलूख निजामाचा, त्यामुळे मोठं शहर म्हणजे तुमच्या लेखी पुणं नाही की मुंबई नाही; हैदराबाद. मांडीवर सीताफळांची डाली आहे, ती सांभाळा. पुढं तिचं काम पडणार आहे.

बीडपर्यंत बैलगाडी, तिथून धूळ खात जालना, आणि जालन्याहून रात्रभर मीटरगेजची आगगाडी. डोळ्यांत कोळशाची कणी, शेजाऱ्याच्या तंबाखूचा भपकारा, बाकाखाली कुणाच्या तरी कोंबड्या. परभणी, नांदेड कधी गेलं कळत नाही. सकाळी हैदराबादचं काचीगुडा स्टेशन. रात्रीतून तुमची सीताफळं पिकली आहेत आणि टांगेवाल्याच्या घोड्यालाही त्याचा पत्ता लागला आहे.

मुसी नदी ओलांडली की शहर अंगावर येतं. लाडबाजाराकडून बांगड्यांच्या वितळत्या लाखेचा वास, अत्तरवाल्यांचा मोगरा, इराणी हॉटेलात तासन्‌तास उकळलेला चहा, आणि या सगळ्यावर ताज्या लिदीची दाट साय. "हौ", "नक्को", "हट जाव मियाँ" ऐकत दिवाण देवडीच्या कमानीशी उतरा. आत नवाब सालारजंग तिसरे, म्हणजे मीर युसूफ अली खान राहतात. विशीतच हे निजामाचे दिवाण झाले, दोन-एक वर्षांतच ते पद सुटलं, आणि तेव्हापासून जगभरच्या वस्तू जमवत बसले आहेत. विलायतेतून व्यापाऱ्यांच्या याद्या येतात. खुद्द व्यापारी तर रोज दारात.

आज चौकात मुंबईच्या एका व्यापाऱ्याची खोकी फुटतायत. खिळे किंचाळतात, झाकण उघडतं, आणि परदेशी पेंढ्याचा कुबट ओलसर वास नाकात शिरतो. तुम्ही सटकन शिंकता. सगळा चौक गपकन थांबतो. "आहिस्ता, पटेलसाब!" नवाबांचा मुन्शी ओरडतो. तुमच्या शिंकेच्या वाटेत वुस्टर या विलायती कारखान्याची एक बशी होती.

पेंढ्यातून ताटं निघू लागतात. घरी तुमचा जन्म पितळी ताटात आणि काशाच्या वाटीत गेला. चिनी माती म्हणजे लोणच्याची बरणी, आणि तिला हात लावायचा तोही कोरडा. इथं मात्र नदी, पूल, पुलावरची तीन माणसं, वर दोन पाखरं, सगळं निळंशार एका ताटात. चीनचं वाटतं ना? मुन्शी हसतो. हे चित्र इंग्रजांनीच रचलंय. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, पातळ कागदावर उतरवायचं, कागद कच्च्या भाजलेल्या ताटावर दाबायचा आणि धुऊन टाकायचा. काठाची नक्षी नखानं चाचपत फिरा. एका जागी वेलीला वेल जुळत नाही. कागदाचे दोन तुकडे तिथं भेटले होते. हा सांधा सापडला की ताट छापाचं. मला तर हातानं रंगवलेल्यापेक्षा असा चुकलेला सांधाच जास्त आवडतो. कारागीर दमला होता, एवढं तरी त्यातून कळतं.

आता जड ताट उचला. अजून जड. हे आयर्नस्टोन, स्टॅफर्डशायरच्या मेसननं 1813 साली पेटंट घेतलेलं. लोखंडाचं नाव दिलं ते टणकपणाची जाहिरात म्हणून. ज्यांना खऱ्या चिनीचं सामान परवडत नव्हतं अशा घरांत ते खपलं. उन्हाकडे धरा, आरपार काही दिसत नाही. आता शेजारचा कप धरा. पलीकडून तुमच्याच बोटांच्या सावल्या दिसतात. हा बोन चायना. मुन्शी हळूच सांगतो की यातली जवळपास अर्धी माती म्हणजे जनावरांच्या हाडांची राख. तुमचा हात कपावरून अलगद सुटतो. मुन्शीला हे ठाऊक होतं, त्यानं खाली तळवा धरून ठेवलाय.

दुपार चढते. घामानं पाठ भिजलीय, पेंढ्याची कुसळं मानेत रुतलीत. डाली उघडा. मुन्शी टवके उडालेलं एक जाड ताट पुढं सरकवतो, आणि चार माणसं उकिडवी बसून सीताफळं खाऊ लागतात. बिया ताटात टपटपतात. एक बी चुकून बाजूच्या बशीत पडते: टिण! सगळे हसतात, व्यापारी तेवढा सोडून. मुन्शी बशी तीन बोटांवर तोलून धरतो, काठाला टिचकी मारतो, नाद लांबवर जातो. मग व्यापाऱ्याचं सगळ्यात महाग ताट घेतो. टिचकी. बद्द! कुठंतरी केसाएवढी चीर आहे. व्यापारी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये मागत होता. आता निजामाच्या हाली रुपयांवर यायला तयार होतो. सात हाली म्हणजे सहा कलदार, हिशेब तुम्हीच करा.

आणि हे सगळं करताना एक गोष्ट बघून ठेवा. इथं कुणीही ताट सुलटं बघत नाही. हातात आलं की आधी पालथं. कारखान्यांच्या खुणा तिथंच असतात: डर्बीचा मुकुट, चेल्सीचा सोनेरी नांगर, वेजवूडचं मातीत दाबलेलं नाव, सगळं बुडाला.

आता परत या. नवाब 1949मध्ये गेले. ना लग्न, ना मूलबाळ. 1951मध्ये याच देवडीत संग्रहालय उघडलं, 1968मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत गेलं. वुस्टर, डर्बी, चेल्सी, वेजवूड सगळे तिथं आहेत, पण काचेआड. पालथं करायची सोय नाही, टिचकीची तर नाहीच. ती हौस घरी भागवा. माळ्यावरची जुनी कपबशी काढा आणि उलटी करा. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. नुसतं 'इंग्लंड' असेल तर बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेनं तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. कुणी तुम्हाला असा कप दोनशे वर्षांचा म्हणून विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा. आणि हैदराबादला गेलात तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.