बिनकाट्याचा मासा आणि बिनकामाचे आम्ही

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं म्हणणाऱ्यानं गळ टाकून बसणाऱ्या माणसाची बायको पाहिलेली नसते. आमच्या घरात माझ्या छंदाला 'नदीवर जाऊन डुलक्या काढणं' असं नाव आहे. गेली चाळीस वर्षं मी रविवारी सकाळी काठी, दोरी, कणकेचे गोळे आणि एक रिकामी पिशवी घेऊन घराबाहेर पडतो, आणि दुपारी काठी, दोरी आणि तीच रिकामी पिशवी घेऊन परत येतो. कणीक तेवढी मासे खातात. "त्यापेक्षा घरी बसून चार पोळ्या लाटल्या असत्यात," हे वाक्य आता आमच्याकडे रविवारच्या भूपाळीसारखं झालं आहे.

आम्ही चौघे. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला मी, माझ्याच शॉपमधला फोरमन, एका बँकेचे कॅशियर आणि जन्मानं कोकणातले पण नोकरीनं निगडीकर झालेले एक मास्तर. पूर्वी आम्ही रावेतच्या बाजूला पवनेवर बसत असू. आता कधी मोशीकडे इंद्रायणीवर बसतो. मासे मिळत नसल्यामुळे आमच्याकडे वाद घालायला भरपूर वेळ असतो.

त्याचं असं झालं, कॅशियरसाहेब दिवाळीत दापोलीला गेले. तिथं समुद्रात गळ टाकला आणि त्यांना हातभर लांबीची मुशी लागली. मुशी म्हणजे छोटा शार्क. परत आल्यावर तो फोटो त्यांनी आम्हाला असा दाखवला, की जणू नातवाचं बारसं. मास्तर फोटो बघून म्हणाले, "साहेब, पेन्शन चालू आहे ना? मग हा फोटो पुसून टाका. शार्कवर बंदी आहे."

झालं! तीन रविवार आम्हाला दुसरा विषय नव्हता. फोरमनचं म्हणणं, सरकारला दुसरं काम नाही. मोठमोठे ट्रॉलर समुद्र खरवडून नेतात आणि कायदा मात्र काठीवाल्याला. कॅशियरचं म्हणणं, माशाच्या कपाळावर 'संरक्षित' असा शिक्का असतो का? गळाला लागेपर्यंत तो कोण आहे हे कळणार कसं? मास्तरांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. आणि माझं म्हणणं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मी वाचनालयात गेलो.

तिथं कळलं ते असं. 2001 सालच्या जुलैत केंद्र सरकारनं एका फटक्यात सगळे शार्क, सगळ्या पाकट आणि करवत मासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला नेऊन बसवले. किनाऱ्यावर एकच ओरड झाली. मासेमारांचं पोट त्यात होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत सरकारनं यादी आखडती घेऊन दहा जातींवर आणली. त्यांत शार्क चारच. बाकीचे करवत मासे आणि पाकटांचे भाऊबंद. पुढे 2022 च्या दुरुस्तीनं यादी पुन्हा लांबली. म्हणजे कॅशियरची मुशी त्या यादीतली नसेल तर पेन्शन शाबूत, पण ती ओळखायची कशी हा त्यांचा प्रश्नही शाबूतच.

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ही असली बंदी इंग्रजांकडून शिकलेली." या वाक्यानं मला पुन्हा वाचनालयात धाडलं, आणि तिथं मला चक्क सम्राट अशोक भेटला.

अशोकानं राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, एक हुकूम स्तंभावर कोरवला. कोणकोणते प्राणी मारायचे नाहीत, त्याची त्यात यादी आहे. पोपट आहे, मैना आहे, राजहंस आहे, आणि त्यांच्यामध्ये 'अनठिकमच्छ' आहे. म्हणजे हाडं नसलेला मासा. विद्वानांचं त्याच्यावर एकमत नाही. कुणी त्याला कोळंबी म्हणतात. पण ज्याच्या अंगात हाड नाही, नुसती कूर्चा आहे, असा मासा आपल्याला कोण माहीत आहे? शार्क आणि पाकट! तो अर्थ खरा धरला, तर बंदीची वंशावळ बावीसशे वर्षं मागे जाते. त्याच हुकुमात ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी कुठलाच मासा मारायचा नाही, विकायचाही नाही, असंही आहे. आपल्या सोमवार-गुरुवारच्या आधीपासून लोक वार बघून मासे खात होते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

फोरमन मात्र खट्टू झाला. म्हणून त्याच्यासाठी मी दुसरा राजा शोधून काढला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडचं आजचं बसवकल्याण. यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हे एक प्रकरणच आहे. काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, कोणत्या माशाला काय चारावं, सगळं तपशीलवार. राज्यकारभार सांभाळून राजानं आमिषाच्या पाककृती लिहिल्या! मी ते घरी वाचून दाखवलं. उत्तर आलं, "त्याच्या घरी कणीक मळायला नोकर असतील."

तर बंदी घालणाराही राजाच आणि गळ टाकणाराही राजाच. आमच्या वादात कुणीच नवीन बोलत नव्हतं.

पण शार्क राहिला समुद्रात. आमच्या दारातल्या नदीत काय होतं? 1839 साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं दख्खनच्या माशांवर लिहिताना एका मोठ्या माशाला शास्त्रीय नाव दिलं 'खुद्री'. हे नाव त्यानं लंडनहून आणलं नव्हतं. इथल्याच लोकांच्या तोंडचं उचललं होतं. आणि तो मासा त्याला कुठं मिळाला? पुण्याच्या पूर्वेला सात-आठ मैलांवर, मुळा-मुठेत! आपण ज्याला महाशीर म्हणतो तो हा. साऱ्या जगातले शास्त्रज्ञ या माशाचा मूळ पत्ता म्हणून आजही पुण्याचं नाव लिहितात. आज त्या पत्त्यावर कोणी पत्र घेऊन गेलं, तर पोस्टमन नाकाला रुमाल लावून परत येईल.

महाशिराला आपल्याकडे सगळ्यांत जुनं संरक्षण दिलं ते सरकारनं नव्हे, देहूनं. इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावत नाही. फलक नाही, दंड नाही, पावती नाही. तुकोबांच्या गाथा ज्या पाण्यानं सांभाळल्या, त्या पाण्यातला मासा धरायचा कुणी? भाविक उलट त्याला कणकेच्या गोळ्या घालतात. पाहिलंत ना? गोळी तीच, भाविकात आणि आमच्यात फरक फक्त आतल्या गळाचा.

आता एक कबुली देतो. 1983 च्या पावसाळ्यानंतर, नोकरीला नवा असताना, देहूच्या वर दोन वळणं सोडून मी गळ टाकला होता आणि त्याला दीड हात लांबीचा महाशीर लागला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. मी आनंदानं नाचत होतो. काठावरून गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा चालले होते. मला वाटलं, आता पापपुण्याचं निरूपण होणार. ते थांबले, माशाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "देहूचाच आहे तो. जरा फिरायला आला होता." आणि निघून गेले. मासा आम्ही खाल्ला. चव आठवत नाही. ते वाक्य आठवतं.

महाशिरासाठी धावून आलेली मंडळीही गळवालीच होती. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी 1970 च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महाशिराची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखवली. ते राज्याच्या मत्स्य खात्याचे निवृत्त संचालक. मग ही लोणावळ्याची पिल्लं दूरदूर गेली, कर्नाटकात कावेरीतही पोचली. तिथं मूळची एक अजस्र जात होती, पाठीवर कुबड असलेली. 1946 साली म्हैसूरकडे कबिनी नदीत एकानं गळानं 120 पौंडांची धरली होती. तिच्या नदीत आपली पिल्लं गेली, माजली, आणि ती जात मागं पडत गेली. पाहुणा ओसरीवर आला आणि यजमान रस्त्यावर!

आणि हे कळलं कुणामुळे? कावेरीकाठच्या एका शिबिरातले गळवाले मासा धरत, नोंद करत आणि परत सोडत. 1998 ते 2012 च्या त्यांच्या त्या वह्यांवरून शास्त्रज्ञांनी 2015 साली दाखवून दिलं, की आकडे फुगताहेत ते पाहुण्या माशाचे; मूळचा मासा संपत चालला आहे. 2018 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. तोवर अभयारण्यातल्या गळावर बंदी आली होती आणि वह्याही बंद झाल्या होत्या.

हे ऐकून फोरमन उसळला, "बघा! आम्हाला हाकललं, आता नदीवर लक्ष कोण ठेवणार?" मास्तर म्हणाले, "आणि ती पिल्लं नदीत सोडली कुणी? हौशी मंडळींनीच ना?" फोरमन गप्प झाला. दोघंही बरोबर होते, म्हणून वाद मिटेना.

शेवटी मास्तरांनीच गुजरातचा दाखला काढला. तिथल्या किनाऱ्यावर व्हेल शार्क, म्हणजे बसएवढा मोठा आणि बिचारा गरीब मासा, तेलासाठी मारत. 2001 साली बंदी आली, पण कागदावर. 2004 साली मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. तिचं नावच 'व्हाली' पडलं. जाळ्यात सापडली तर कोळी आपलं जाळं कापून तिला सोडू लागले, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. "कायदा, माया आणि भरपाई," मास्तर म्हणाले, "तिन्ही लागतात."

मला लगेच देहू आठवलं. तिथं माया आहेच. पण काळ बदलला. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, 1970 ला नगरपालिका, 1982 ला महापालिका, मग पलीकडे चाकण. त्या कारखान्यांवर आमची घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. पण या सगळ्याचं सांडपाणी उतरणार कुठं? अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो. वारकरी त्यातच स्नान करतात. गळवाला काठावर दिसतो, त्याला उठवता येतं. नळी पाण्याखाली असते. आणि त्या फेसात माझ्या घरचा साबण किती, हे मलाही सांगता येणार नाही.

म्हणून गेल्या पाडव्यापासून मीही वही ठेवली आहे. तारीख, जागा, काय लागलं, काय सोडलं, पाणी कसं होतं. घरच्यांनी तिला 'रिकाम्या पिशवीचा हिशेब' म्हटलं आहे. गेल्या रविवारी मात्र पिशवी भरली. तीन चिलापी! त्या माशाला कसलंही पाणी चालतं. विजयी मुद्रेनं त्या ओट्यावर ठेवल्या.

"कुठल्या पाण्यातल्या?" ही म्हणाली.

"मोशीच्या. इंद्रायणीतल्या."

हिनं काही न बोलता त्या मागच्या दारी मांजरापुढे ठेवल्या. मांजरानं वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते निघून गेलं. मी वही काढून लिहिलं: चिलापी, तीन. महाशीर, नाही. फेस, आहे. मांजराचं मत, प्रतिकूल.