कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला

डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस नीला-कोटरातून अंतर्गत कॅरोटिड रोहिणी जाते. डोक्याला जबर मार बसून तिची भिंत फाटली, की जोराचे रक्त थेट कोटरात शिरते आणि उलटे डोळ्याच्या नीलांत चढते. डोळा लाल होऊन पुढे येतो, नाडीच्या ठोक्यागणिक उडतो. डोक्यात घरघर ऐकू येते. दृष्टीही जाऊ शकते. पूर्वी मानेतील रोहिणीच बांधत. इलाज तसा आडदांडच, कारण मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येई. मॉस्कोचे फ्योदोर सर्बिनेन्को यांनी नळीवाटे नेलेला फुगा आत सोडून छिद्र बुजवले, रोहिणी वाहती ठेवली; त्यांचा १९७४ चा शोधनिबंध रक्तवाहिन्यांवर नळीवाटे उपचार करण्याच्या शाखेचा पाया ठरला. आता सहसा जांघेतून सूक्ष्मनळी नेऊन प्लॅटिनमची वेटोळी बसवतात. दुखापतीविना होणारी मंद गळती कधीकधी आपोआपही थांबते.