सुरीची साक्ष

कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकत असताना पांढऱ्या उंदरांचे दोन पिंजरे माझ्याकडे सोपवले होते. पहिल्यातल्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसतात त्या) काढलेल्या होत्या, म्हणून त्यांना प्यायला मिठाचे पाणी. दुसऱ्यातल्या उंदरांच्या पाठीला नुसता छेद देऊन, ग्रंथी जागच्या जागी ठेवून, टाके घातलेले. “ह्यांना उगीच का कापले?” मी विचारले. “अरे, कापणे म्हणजे काहीच न करणे नव्हे,” सर म्हणाले. मला ती टोलवाटोलवी वाटली.

ह्या उत्तरामागे केवढा इतिहास आहे, ते हान्स सेल्येची हकीकत वाचल्यावर कळले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हा तरुण संशोधक उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होता. अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, थायमस आक्रसला, जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक हाती लागले म्हणून स्वारी खूश! पण अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम जास्त. शेवटी त्याने फॉर्मॅलिन टोचून पाहिले, तर तीच तीन लक्षणे. संप्रेरकाचे स्वप्न तिथेच कोसळले. दुसरा कोणी असता तर उंदीर सोडून देता. सेल्येला मात्र प्रागमधले विद्यार्थिदशेतले रुग्ण आठवले. रोग निरनिराळे, पण चेहऱ्यावरची आजारी कळा एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये त्याचे छोटेसे टिपण आले. त्यात ही लक्षणे आणणाऱ्या आघातांची यादी आहे : थंडी, अतिश्रम, विषारी मात्रा आणि त्यांच्याच पंक्तीला शस्त्रक्रियेची इजा. सरांचे उत्तर तिथे छापलेलेच होते.

मेंदूच्या हुकमावरून ह्या ग्रंथी संप्रेरक सोडतात, हे पुढे कळले. पण ते संप्रेरक उलट मेंदूत जाऊन कुठे बसते? १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या ग्रंथी आधी काढल्या, नाहीतर घरचेच संप्रेरक जागा अडवून बसले असते. मग किरणोत्सर्गी कॉर्टिकोस्टेरॉन टोचले. अपेक्षा हायपोथॅलॅमसची होती. ते सर्वांत जास्त साठले हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात! १९८५ मध्ये रॉएल आणि द क्लोएट ह्यांनी दाखवले की उंदराच्या मेंदूत ह्या संप्रेरकाचे ग्राही दोन जातींचे आहेत. एक जात त्याला सुमारे दहापट घट्ट धरते, त्यामुळे स्वस्थपणीही बहुतेक भरलेली असते. दुसरी भरते ती संकटात, संप्रेरकाचा लोंढा आल्यावर.

आता ते दोन पिंजरे मला निराळे दिसतात. सुरी दोघांनाही लागली होती. पहिल्यांच्या मेंदूपर्यंत वेदना मज्जातंतूंवाटे पोचली असेल, पण लोंढा यायला ग्रंथीच उरली नव्हती. दुसऱ्यांच्या मेंदूतल्या त्या रिकाम्या जागा मात्र तेव्हा भरत असणार.

वहीत दुसऱ्या पिंजऱ्यापुढे मी ‘काही केले नाही’ असे लिहिले होते. सरांनी ते लाल शाईने खोडले आणि वर छेदाची लांबी, वेळ आणि टाक्यांची संख्या माझ्याकडून लिहून घेतली.