मानेची भेदक जखम (हिंदूराव, दिल्ली)

कातडीलगतचा प्लॅटिस्मा हा पातळ स्नायू चिरून आत गेलेली मानेची जखम. तो शाबूत असेल तर जखम वरवरची. कापला गेला असेल तर रुग्णाला शल्यचिकित्सकाने पाहिलेच पाहिजे. कॅरोटिड धमनी, जुगुलर शीर, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मज्जारज्जू इथे दाटीने असल्याने बाहेरच्या चिरेवरून आतली हानी ठरवता येत नाही.

मथळ्यातले हिंदूराव रुग्णालय दिल्ली महापालिकेचे, उत्तर दिल्लीतील रिजवर.   दिल्लीत सुरा आणि गोळीच्या जोडीला पतंगाचा मांजाही गळा कापतो. इथला पतंगांचा मोठा हंगाम 15 ऑगस्टच्या आसपासचा. काटाकाटीत तुटलेला मांजा रस्त्यावर आडवा येतो. नायलॉनचा असला तर तुटत नाही आणि दुचाकीच्या वेगानेच गळ्यात रुततो. दिल्ली सरकारने जानेवारी 2017 मध्ये दिल्लीत आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी जुलैत देशभर अशा मांजावर बंदी घातली. तरीही ऑक्टोबर 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाटा उड्डाणपुलावर दुचाकीवरच्या एका तरुण डॉक्टरचा मांजाने जीव घेतला. विक्री थांबत नाही तोवर बंदी कागदावरच आहे.

घटनास्थळी स्वच्छ कापडाने जखमेवर थेट बोटांनी दाबावे आणि हात काढू नये. मानेभोवती पट्टी आवळू नये. रुतलेली वस्तू उपसू नये, कारण तिनेच रक्तवाहिनी बुजवलेली असू शकते. रुग्णालयात आधी श्वासमार्ग पाहतात: आत साचणारे रक्त श्वासनलिकेला पाहता पाहता दाबते, म्हणून आवाज बसू लागताच नळी घालण्याची तयारी हवी. श्वासनलिकाच उघडी पडली असेल तर जखमेतूनही नळी घालता येते. खोलवरचा रक्तस्राव बोटाने आवरत नसेल, तर फोली कॅथेटर जखमेत सारून त्याचा फुगा पाण्याने फुगवतात. या साध्या लघवीच्या नळीमुळे अनेक रुग्ण शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचले आहेत. आपत्कालीन कक्षात जखमेत काही खुपसून खोली मोजणे घातक.

1956 मध्ये फोगलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत 6 टक्के, तर उशीर झालेल्यांत 35 टक्के मृत्यू नोंदवले. त्यानंतर प्रत्येक मान उघडून पाहण्याचा प्रघात पडला. पुढे मानेचे तीन विभाग पाडून निर्णय होऊ लागले. आता लक्षणांना अधिक महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. न थांबणारा रक्तस्राव, वाढती किंवा ठोके देणारी सूज, जखमेतून निघणारे हवेचे बुडबुडे, अर्धांगवायू यांपैकी काही दिसले तर थेट शस्त्रक्रिया. रुग्ण स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी.

अन्ननलिकेची इजा मात्र सहज निसटते. पहिल्या दिवशी रुग्णाला गिळताना किंचित दुखते, एवढेच. उशीर झाला तर जंतुसंसर्ग छातीत उतरतो. शंका असल्यास तोंडाने अन्नपाणी न देता, फक्त क्ष-किरणांत दिसणारे कॉन्ट्रास्ट द्रव्य पाजून क्ष-किरण तपासणी आणि दुर्बिणीने पाहणी, दोन्ही करतात.