पणजोबांची तीन छायाचित्रे

भाद्रपद वद्य नवमीस आमच्या यवतमाळच्या घरी एक सवाष्ण जेवावयास बोलावण्याची रीत आहे. पंचांगात या तिथीस अविधवा नवमी म्हणतात. पती हयात असता जी स्त्री निवर्तली तिच्या नावाने हे अन्नदान व्हावयाचे. पाटावर पणजीचा फोटो मांडावयाचा, त्याला हळदकुंकू वाहून हार घालावयाचा, मग सवाष्णीची ओटी भरावयाची, असा क्रम आमच्याकडे कित्येक वर्षे चालू होता. त्यात काही चुकत आहे अशी शंका मला साठी उलटून गेल्यावर आली; आणि तीही धर्मशास्त्राच्या वाचनाने नव्हे, तर एका जुन्या पुठ्ठ्याच्या मागील बाजूमुळे.

वडील गेल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढली. खरेदीखते, लग्नपत्रिका, सारा भरल्याच्या पावत्या आणि तळाशी पंचात गुंडाळलेली तीन छायाचित्रे, एवढाच पणजोबांचा ठेवा. तिसरे छायाचित्र तेच होते ज्याची मोठी प्रत आमच्या माजघरात टांगलेली आहे. मूळ फोटोच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती. पण भिंतीवरच्या प्रतीला जी पाठ नाही, ती याला होती.

पणजोबा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या तरुणपणीचा हा मुलूख आज डोळ्यांसमोर आणावयाचा तर थोडा प्रयास पडतो. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, ते पन्नास वर्षे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाताखाली होते, आणि १९०३ पासून ते मध्यप्रांतास जोडले गेले. आपला जिल्हा त्या वेळी वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ च्या फेररचनेत त्याला मिळाले व पुसद तालुकाही त्याच वेळी इकडे आला. पुढे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. ही गाडी आणली ती कापसाने. परंतु कापसाच्या गाठी ज्या वाटेने बाहेर गेल्या त्याच वाटेने दिव्याच्या काचा, औषधाच्या बाटल्या आणि फोटोग्राफरची पेटीही आत आली असली पाहिजे. त्यापूर्वी आमच्या घराण्यातील कोणाचाही चेहरा कागदावर उतरलेला नाही. खापरपणजोबा कसे दिसत असतील, हे आम्ही पणजोबांच्या नाकावरून ताडतो.

पहिले छायाचित्र कचेरीतील मंडळींचे. मध्यभागी खुर्चीवर साहेब, दोन्ही हातांस तहसीलदार वगैरे अंमलदार, मागे उभ्याने कारकून, त्यांत पागोटे घातलेले पणजोबा. पुठ्ठ्यावर खाली इंग्रजीत नावे छापली आहेत: बसलेल्यांची पूर्ण, उभ्यांची आद्याक्षरांनिशी. पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या चार चपराशांचे नाव मात्र कोठेही नाही. वास्तविक चित्रात त्यांचेच चेहरे कॅमेऱ्याला सर्वांत जवळ व स्पष्ट आहेत.

दुसऱ्यात पणजोबा एकटे आहेत, डोक्यावर पांढरी टोपी. या फोटोविषयी घरात मोठा अभिमान. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला. त्या तुकडीत पणजोबा होते आणि हा फोटो त्याच दिवसांतला, अशी कथा आम्ही ऐकत आलो. बापूजी वणीचे, पणजोबांची पहिली नेमणूक वणीची, एवढा धागा खरा. पण पेटीतच सरकारी निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, आणि ते १९३२ पर्यंत विनाखंड चालू आहेत. कायदेभंगात शिक्षा भोगलेल्या कारकुनाला सरकारने निवृत्तिवेतन चालू ठेवले असेल, असे मला वाटत नाही. टोपी घातली म्हणजे मनुष्य जंगलात गेलाच असे नाही. ती घालून फोटो काढवून घेण्यालाही एका सरकारी नोकराला त्या दिवसांत थोडे धैर्य लागले असेल, एवढे मी मुलांना सांगतो. त्यांना ते पुरत नाही.

चित्रात जे दिसते त्यापलीकडचे चित्रातून काढू पाहणे हा दोष केवळ आमच्यासारख्या सामान्य घरांतच घडतो असे नाही. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. तेथे जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणीच देशाबाहेर गेले, अमेरिकेत शेतकीशास्त्र शिकता शिकता गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले आणि अखेर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी मक्याच्या जातींवर संशोधन केले. तेथे त्यांची व त्यांच्या कामाची छायाचित्रे टीना मोदोत्ती या इटलीत जन्मलेल्या विख्यात स्त्रीने घेतली. दिएगो रिवेरा याने तर त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले. इतके थोर साक्षीदार कोणाच्या वाट्याला येतात? तरीसुद्धा त्या छायाचित्रांत मक्याची कणसे आहेत, शेतकरी आहेत, एक अभ्यासू गृहस्थ आहे. इराणातील लढाई नाही, वर्ध्याचे घर नाही. नुसत्या छायाचित्रांवरून कोणी त्यांचे चरित्र रचले असते तर ते एका सुस्वभावी कृषितज्ज्ञाचे झाले असते. ते स्वदेशी प्रथम आले १९४९ साली. पुढे नागपुरास स्थायिक झाले व १९६७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांना वडिलांची टिपणे व स्वतःच्या आठवणी यांची जोड देऊन इंग्रजीत त्यांची हकीकत लिहावी लागली. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. फोटो हा पुरावा खरा, परंतु त्याला शेजारी दुसरा कागद लागतो.

आता तिसऱ्या छायाचित्राकडे वळतो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. पणजोबा खुर्चीवर, हातात काठी. शेजारी उभी नऊवारी नेसलेली पणजी, नाकात नथ. दोघांच्या मध्ये कोट घातलेले आजोबा, वय वर्षे सहा-सात. मूल हलू नये म्हणून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे, तरी त्याचा चेहरा किंचित पुसट आलाच. पुठ्ठ्याच्या पाठीवर मोडीत एक ओळ: कुटुंब व चिरंजीव यांसह, मार्गशीर्ष शके १८४३. म्हणजे १९२१ चा डिसेंबर. जुन्या मंडळींच्या रिवाजाप्रमाणे ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. तिचे नाव लिहिण्याचे कारण पडले नाही.

या एका तारखेने मला चित्राकडे पुन्हा पाहावयास लावले. आजोबांचा जन्म १९१४ चा. चित्रातील स्त्री फार तर सोळा-सतरा वर्षांची दिसते. सात वर्षांच्या मुलाची ती आई कशी असेल? इतका सोपा हिशेब, पण शंभर वर्षे भिंतीवर असलेल्या चित्रापुढे उभे राहून आमच्यापैकी एकानेही तो केला नव्हता. मग दुसरी गोष्ट आठवली. वडिलांनी आपल्या आजीला पाहिले होते, ते लाल अलवणात. पणजोबा १९३३ साली गेले आणि ती त्यांच्यामागे १९५२ पर्यंत जगली. जी विधवा होऊन वारली तिची अविधवा नवमी आम्ही कशी करीत होतो?

नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या आहेत. आलेल्या यजमानाने आपल्या हाताने वाडवडिलांची, भावांची, बायकामुलांची नावे त्यांत लिहावयाची. पणजोबांचे दोन लेख तेथे सापडले. शके १८३८ च्या लेखात पत्नीचे एक नाव आहे. शके १८४५ च्या लेखात त्याच नावामागे ‘कै.’ असून त्यापुढे दुसरे नाव आहे. मधल्या काळात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली होती. तिने हिंदुस्थानातील जे प्रांत सर्वांत अधिक होरपळले त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडाची गणना होते. ती त्या साथीतच गेली असे वहीत लिहिलेले नाही. मात्र पेटीतील एका पत्रात शके १८४० च्या आश्विनातील तिच्या दिवसकार्याचा खर्च मांडला आहे, आणि साथीचा जोर त्याच महिन्यांत होता.

तेव्हा ज्या स्त्रीचे रक्त आमच्या अंगात आहे तिचा फोटो नाही, आणि जिचा फोटो आहे तिला स्वतःचे मूल झाले नाही. आजोबांना वाढवले ते दुसरीने. आजोबांनी याचा उच्चार कधीही केला नाही. आता मागे वळून पाहता एक गोष्ट लख्ख आठवते. त्यांच्या हयातीत नवमीच्या दिवशी पाट रिकामा असे. पाटावर नुसते अक्षतांचे दोन दाणे आणि एक फूल. पती गेल्यावर ही नवमी काही घरांत बंद करतात, आजोबांनी ती शेवटपर्यंत चालू ठेवली. पण भिंतीवरची तसबीर त्या दिवशी त्यांनी खाली काढू दिली नाही. आम्हाला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी आईने, पाट असा ओकाबोका बरा दिसत नाही म्हणून, भक्तिभावाने तो फोटो त्यावर मांडला, आणि तेव्हापासून तीच रीत झाली. आईचा यात काय दोष? तिला सांगणारे कोणी नव्हते.

हे सर्व घरी सांगितले तेव्हा थोडी वादावादी झाली. माझ्या धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की, जिने पोराच्या खांद्यावर हात ठेवला तीच पणजी, वह्या नाशिकातच राहू द्या. मला तिचे म्हणणे खोडून काढता आले नाही. पण वहीतले नाव वाचल्यावर ते न वाचल्यासारखे करणेही जमेना.

यंदा नवमीस पाट रिकामा ठेवला आणि सवाष्णीची ओटी भरताना वहीतील पहिले नाव उच्चारले. धाकटीचे श्राद्ध मात्र आमच्याकडे कधीच झालेले नाही, कारण तिची तिथी कोणाला ठाऊक नाही. ती १९५२ मध्ये, पावसाळ्यात, यवतमाळच्याच घरी गेली एवढे वडील सांगत असत. जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील तारखेसाठी नगरपालिकेकडे अर्ज केला आहे. तारीख मिळाली की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येईल.